रस्त्यावरचं रोप

सरकारला एकदा घाई झाली की ती कुणाला आवरत नाही. कडावच्या आत, ओहोळाच्या अंगाला असलेली उंबरवाडी कित्येक वर्षं रस्ता मागत होती आणि कित्येक वर्षं तिला 'बघू' एवढंच मिळत होतं. यंदा मात्र वरती कुणाच्या तरी मनात आलं की धंदे बसलेत, लोकांच्या हाताला काम नाही, तर गावोगावच्या रखडलेल्या रस्त्यांना भरघोस अनुदान द्यावं, म्हणजे रस्तेही होतील आणि बाजारात चार पैसेही फिरतील. अट एवढीच होती की पावसाच्या आत रस्ता पुरा झाला पाहिजे, नाहीतर उरलेलं अनुदान माघारी. ही बातमी आली आणि उंबरवाडीत माघातच दिवाळी झाली.

सगळ्यात जास्त आनंद सोनुबाईला झाला होता आणि त्याला कारण होतं. मागच्या श्रावणात तिचा नवरा सखा दूध घेऊन डेअरीवर जाताना चिखलात घसरला आणि त्याचा खुबा मोडला. दवाखान्याची गाडी कडावच्या नाक्यापर्यंत आली, पुढे चिखलातून यायला वाटच नव्हती. चौघांनी त्याला खाटेवर घालून नेलं. सखा वाटभर कळवळत होता आणि मधूनच दूध सांडलं म्हणून हळहळत होता. तो वाचला, पण काठी हातातून सुटली नाही. तेव्हापासून सोनुबाई रस्त्याचं नाव निघालं की कान टवकारायची.

देवळात बैठक बसली तेव्हा ठेकेदार म्हणून ममदापूरचा तस्लीम आला होता. गोरागोमटा, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं एकच प्रश्न विचारला, "खडी-रेती टाकायची कुठं? मिक्सरला उंच जागा पायजे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रस्ता सगळ्यांना हवा होता, खडी कुणालाच नको होती. उंच जागा म्हणजे राबाची जागा. दरवर्षी उन्हाळ्यात तिथं शेण, पाला, पेंढा पसरून, वर माती घालून भाजायचं, आणि पाऊस आला की त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी पेरून रोप करायचं. बाकीची शेतं सखल, तिथं पाणी साचून बी कुजतं. राब गेला तर रोप गेलं आणि रोप गेलं तर साल गेलं. हे माहीत असूनही सोनुबाई पदर खोचून उभी राहिली.

"टाका माज्या राबावर," ती म्हणाली.

देवळात सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. पलीकडच्या खांबाला टेकून तिची थोरली जाऊ येसूबाई बसली होती. तिनं नुसतं नाक उडवलं. सोनुबाईला ते दिसलं आणि बरंच वाटलं. कधी नव्हे ते सगळ्या वाडीपुढे आपलं मन मोठं दिसलं, असं तिला वाटलं.

"होळीच्या आत उचलतो, काकी," तस्लीम छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझी जबान."

तस्लीमच्या जबानीत काही खोट नव्हती. खोट अनुदानात निघाली. पहिला हप्ता आला, त्यात खडीचे डंपर आले, रेती आली, नामफलकाचा लोखंडी सांगाडाही आला. दुसरा हप्ता कुठं अडकला ते देवालाच ठाऊक. काम थांबलं. होळी गेली, पाडवा गेला. तस्लीमचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की तो बिचारा आपल्याच अडचणी सांगायचा.

इकडे वाडीत राबाची भाजणी सुरू झाली. बायका पाटीवर पाटी शेण आणि टहाळ डोक्यावर घेऊन सोनुबाईच्या दारावरून जायच्या. संध्याकाळी चहूकडे धूर पसरायचा, केसांना, लुगड्यांना राबाचा वास यायचा. सोनुबाईच्या राबावर मात्र खडीचा डोंगर बसून होता आणि त्यावर वाडीतली कुत्री ऊन खात होती.

येसूबाई एकदा पाटी घेऊन जाता जाता थांबली. डोंगराकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "सोनू, यंदा तुजा राब लय उंच झाला गं."

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. सोनुबाईच्या अंगाची लाही झाली, पण बोलणार काय? खडी तिनंच बोलावली होती.

या दोघी जावांचं वैर तसं मोठं नव्हतं, पण मुरलेलं होतं. वाटण्या झाल्या त्याच्या पुढच्याच साली सोनुबाईचं रोप खेकड्यांनी खाल्लं. ती येसूबाईकडे रोप मागायला गेली. आता इथला रिवाज असा की आधी आपली आवणी, म्हणजे भाताची लावणी, पुरी करायची, मग उरलेलं रोप मागणाऱ्याला द्यायचं. रोप कुणी विकत नाही, आणि आवणीआधी कुणी देतही नाही. येसूबाई रिवाजानंच वागली. पण अंगणात चार बायका असताना म्हणाली, "आदी माजी आवणी होऊ दे. मंग उरलंसुरलं ने." त्या उरल्यासुरल्या रोपानं तोवर गाठी धरल्या होत्या, ते पिवळं पडलं होतं. भात जेमतेम झालं. रोपाचं दुःख सोनुबाई विसरली असती. 'उरलंसुरलं' हा शब्द मात्र तिच्या काळजात जाऊन बसला. तेव्हापासून ती येसूबाईच्या दारात गेली नव्हती आणि येसूबाई हिच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. मधे सोनुबाईच्या मुलाचं लग्नसुद्धा होऊन गेलं.

म्हणून यंदा खडीकडे बघताना सोनुबाईला भाताचीच काळजी नव्हती. पुन्हा ते उरलंसुरलं मागायला जावं लागणार, या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता.

वैशाख निम्मा सरल्यावर एके दिवशी अनुदान अचानक मोकळं झालं. तस्लीम मिक्सर, माणसं आणि घामेजलेलं तोंड घेऊन हजर. पावसाच्या आत रस्ता नाही झाला तर तो बुडणार होता, म्हणून त्यानं रात्रीचा दिवस केला. येसूबाईच्या टोकाकडून काँक्रीट ओतायला सुरुवात झाली. मिक्सरच्या घरघरीनं म्हशींनी दूध चोरलं, तरी कुणी तक्रार केली नाही. सखा काठी टेकून दिवसभर रस्त्याकडेला उभा राही आणि न विचारता सल्ले देई.

खडीचा डोंगर उतरत गेला आणि खालची जमीन उघडी पडली. सोनुबाई धावत बघायला गेली. राब पांढरा पडला होता. मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी मुरून जमीन ओट्यासारखी टणक झाली होती. तिनं कुदळीचा घाव घातला, तो उलटा उडाला आणि दंडाला झिणझिण्या आल्या.

तस्लीम मागे येऊन उभा होता. त्याचं तोंड उतरलं.

"काकी, चुकलं माझं. खाली ताडपत्री तरी टाकायला पायजे होती. मी जेसीबी लावून ही माती काढतो, नवी टाकून देतो."

"कदी?"

"आता रस्ता हातातला झाला की."

"तवर पाऊस येल, तस्लीमशेट. राब म्हंजे काय खळं हाय का, सारवलं की झालं?"

सोनुबाईनं कुदळ उचलली आणि घरी आली. सखानं विचारलं, "कसा हाय राब?" ती म्हणाली, "हाय तितंच हाय," आणि चुलीपाशी जाऊन बसली. डोळे पुसायला तिला धुराचं निमित्त बरं सापडलं.

रस्ता ओतला की त्याला तीन आठवडे पाण्यानं ओला ठेवावा लागतो, नाहीतर भेगा पडतात. तस्लीमकडे गोणपाटं कमी पडली. त्यानं घरोघरी पेंढा मागितला. ज्याच्या दारापुढचा रस्ता त्यानं त्यावर पेंढा पसरायचा, मातीचे छोटे बांध घालायचे आणि पाणी तुंबवायचं. हे काम वाडीला सांगावंच लागलं नाही. भातखाचराचे बांध घालण्यात जन्म गेलेल्या बायका, त्यांनी असे बांध घातले की थेंब सांडेना. तस्लीम खूष झाला.

पहिला पेंढा पडला तो येसूबाईच्या दारापुढे. पाच-सहा दिवसांनी सोनुबाई डेअरीवरून परत येत होती. हातात रिकामी किटली, मान खाली. खाली मान होती म्हणूनच दिसलं. ओल्या पेंढ्यातून हिरवे कोंब वर आले होते. हातानं झोडलेलं भात, पेंढ्यात चार दाणे राहतातच, ते रुजले होते. सोनुबाई वाकली. एक कोंब उपटला. मुळं पांढरीशुभ्र, एकमेकांत गुंतलेली, खाली नुसता दगडासारखा रस्ता. तिनं इकडेतिकडे बघितलं, कोंब पदरात लपवला आणि चालायला लागली. मग तिची चाल आपोआप वाढली.

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचं बियाण्याचं कणगं खाली घ्यायला लावलं.

"अगं पर पेरनार कुटं?" सखा म्हणाला.

"रस्त्यावर."

सखानं काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसला. बायकोच्या डोक्यात ऊन शिरलं असं त्याला वाटलं. "रस्त्यावर भात? लोक काय म्हनतील?"

"हसतील. आतापन हसतातच हायत."

सून समीक्षा शेलूची, स्टेशनाजवळच्या इमारतीत वाढलेली. चिखलात पाय घालायची वेळ आली की ती कोरडी जागा शोधायची. पण ती दारातून म्हणाली, "आई, होतं तसं. शाळेतून आम्हाला कर्जतच्या भाताच्या केंद्रावर नेलं होतं. तिथं प्लॅस्टिकवर माती टाकून रोप करतात. चटईसारखं गुंडाळून नेतात."

सोनुबाईनं सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "आदी सांगायचं नाय का गं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून घर कामाला लागलं. बी भिजवलं, गोणीत दाबून मोड आणले. समीक्षानं नाकाला ओढणी बांधून शेणखत चाळलं. सखा बसल्या जागी मातीतले खडे वेचत होता. मुलगा साईनाथ मोहोपाड्याच्या कारखान्यातून पाळी करून आला की पाण्याचा पाइप धरायचा. आपल्या दारापुढच्या रस्त्याचं काँक्रीट घट्ट झालं तसं सोनुबाईनं त्यावर बोटभर मऊ माती पसरली, बांध घातले, मोडाचं बी दाटीनं टाकलं आणि वर ओली गोणपाटं झाकली. दारापासून उंबराच्या झाडापर्यंतचा सगळा रस्ता तिनं पेरून टाकला.

तस्लीम येता-जाता बघायचा आणि म्हणायचा, "काकी, तुमच्या दारापुढचा रस्ता सगळ्यात पक्का होणार. काय पाणी मारता!" सोनुबाई नुसती हसायची.

मग एका सकाळी तिनं गोणपाटं काढली. रस्ता हिरवा झाला होता. नुसता कोवळा, पोपटी, वाऱ्यानं हलणारा रस्ता. वाडीतली पोरंसोरं, म्हातारीकोतारी बघायला आली. शेजारचा हिरू टोपी मागे सारून म्हणाला, "सोनुबाय, आता झोडणी पन रस्त्यातच कर. खळ्याचा खर्च वाचला." सगळे हसले आणि यावेळी सोनुबाईही हसली. तिला त्या दिवसांत कशाचंच वाईट वाटेनासं झालं होतं. हातात काठी घेऊन ती दारात बसायची, कोंबड्या हाकलायची, म्हशी वळवायची. मधूनच पातीवरून हात फिरवून यायची. येसूबाई काही बोलली नाही. ती एकदा आली, उभी राहिली, खाली वाकून बोटानं मातीची ओल बघितली आणि निघून गेली. तिचं ते न बोलणं सोनुबाईच्या फार मनास आलं.

तस्लीम मात्र बघून मटकन खाली बसला.

"काकी, हे काय केलं? अहो सरकारी रस्ता आहे!"

"मंग? सरकारी पानीच पितोय त्यो. तुमीच सांगितलं तीन आठवडे ओला ठेवा."

"माझं बिल अडकलंय या रस्त्यावर!"

"आन माजं भात."

राबाची पांढरी जमीन समोरच दिसत होती. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "कुणाला दिसायच्या आत उचला म्हणजे झालं."

पण तसं व्हायचं नव्हतं. रोप वीतभर व्हायच्या आधीच एका दुपारी सदफ मॅडम स्कूटीवरून आली. ही रस्त्याच्या कामावरची इंजिनीअर, मोहोपाड्याची, वयानं समीक्षाएवढीच. तिनं हेल्मेट काढलं आणि रस्त्याकडे बघत तशीच उभी राहिली.

"मावशी, हे तुमचं?"

"माजंच."

"चारला साहेब येतायत. अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटायचा तर रस्ता पूर्ण झाल्याचे फोटो आजच जायला हवेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा रस्ता दिसला पाहिजे. बाकीचा पेंढा तासाभरात बाजूला होईल. पण हे..." तिनं मान हलवली. "हे काढावं लागेल हो."

सोनुबाई रोपाच्या आडवी आली. "अजून धा-बारा दिस दे गं बाय. आता उपटलं तर शेतात नाय लागणार. कोवळं हाय."

"माझ्या हातात असतं तर दिलं असतं. फोटो नाही गेला तर हप्ता परत जातो. तस्लीमभाईंचं नुकसान आणि पुढचं ओहोळावरच्या साकवाचं कामही जातं."

साकव म्हटल्यावर जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. ओहोळ ओलांडायला तिथं पावसात एक ओंडका तेवढा असायचा. सगळ्यांचे डोळे सोनुबाईकडे वळले. कुणी काढून टाक म्हणालं नाही, पण कुणी ठेव असंही म्हणालं नाही. हिरूनं टोपी पुढे ओढली. आतापर्यंत हसणारी वाडी एकदम गप्प झाली, ते तिला जास्त लागलं.

ती रोपाच्या कडेला बसली. काढायचंच तर आपल्याच हातानं काढू, म्हणून तिनं कोपऱ्याखाली बोटं घातली आणि उचललं. माती सुटली नाही. मुळांनी ती गच्च धरली होती. कोपरा गोधडीच्या टोकासारखा अख्खा वर आला आणि खालचा रस्ता लख्ख दिसला.

"समीक्षा," ती ओरडली, "तू काय म्हनालीस गं, गुंडाळून नेतात?"

"हो आई, चटईसारखं."

सोनुबाई उभी राहिली. "मॅडम, तुमाला रस्ता मोकळा पायजे ना? चारला मोकळा दिसंल. साहेब गेलं की मी परत आंथरीन. पानी मारायचं काम तर बाकीच हाय ना?"

सदफनं एकदा रस्त्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग तिला हसू आवरेना. "क्युरिंग बाकीच आहे. ते कशाखाली करायचं ते आमच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही."

पण हे बोलण्याइतकं सोपं नव्हतं. विळ्यानं पट्टे कापायचे, दोघींनी दोन टोकं धरून एका चालीनं गुंडाळायचं, जरा ओढाताण झाली की कोवळी मुळं फाटणार. उन्हात जास्त वेळ राहिलं की करपणार. दारापासून उंबरापर्यंतचा रस्ता, आणि घरात माणसं किती, तर एक लंगडा नवरा आणि एक शेलूची सून. साईनाथ कारखान्यात. हे सावडीचं, सगळ्यांनी मिळून करायचं काम होतं आणि वाडीत सावड हलते ती येसूबाईच्या शब्दानं. ती निघाली की बायका निघतात.

सोनुबाई येसूबाईच्या दाराशी गेली. अंगणात थांबली.

येसूबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. "रोप मागायला आलीस?"

"नाय, आक्का. रोप हाय माज्याकडं. हात मागायला आले."

येसूबाईनं सूप खाली ठेवलं. सोनुबाईला वाटलं, आता पुन्हा काहीतरी जिव्हारी लागणारं ऐकायचं. पण येसूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि विळा घेऊन बाहेर आली.

"रुंदीला हातभरच काप. जास्त घेतलंस तर मधी फाटंल," ती म्हणाली आणि सोनुबाईच्या पुढे चालायला लागली. चालता चालता हाक मारली, "नंदा! हिरूची आई! हातातलं ठेवा गं आन या!"

मग काय विचारता. पंधरा-वीस बायका पदर खोचून रस्त्यावर उतरल्या. येसूबाई विळा चालवत होती, सोनुबाई टोक सोडवत होती आणि मागून जोड्या वाकून गुंडाळत होत्या. "हळू गं, हळू! पोरीचं केस इंचरतेस का गोनपाट ओढतेस?" येसूबाई ओरडायची. समीक्षाच्या हातांना कोपरापर्यंत चिखल लागला होता आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. तस्लीमनं बूट काढून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गुंडाळ्या उचलून उंबराच्या सावलीत नेऊन ठेवल्या. त्याचं पोट मधे येत होतं, बायका हसत होत्या आणि तोही हसत होता. सखा काठीनं 'इकडं, तिकडं' दाखवत होता. कुणी ऐकत नव्हतं, पण त्याला बरं वाटत होतं. शेवटी पाण्यानं रस्ता धुऊन काढला.

साहेब साडेचारला आले. रस्ता टोकापासून टोकापर्यंत मोकळा, पांढरा, ओला होता. ते फलकाशेजारी उभे राहिले, सदफनं फोटो काढले. साहेबांनी रस्त्यावर काठी आपटून बघितली. सोनुबाईच्या दाराशी आले तेव्हा म्हणाले, "हा भाग उत्तम झालाय. भेग नाही कुठं." तस्लीमनं मान खाली घातली. मग साहेबांची नजर उंबराखाली गेली. तिथं हिरव्या गुंडाळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"अरे वा, लॉन?" साहेब म्हणाले. येतानाच्या वाटेवर दोन्ही अंगाला फार्महाऊस, टेंपोतून हिरवळीच्या गुंडाळ्या उतरताना त्यांनी बघितल्या असणार. "लॉन लावताय का कुठं?"

नंदानं पदर तोंडाला लावला. सोनुबाई पुढे झाली.

"हो साहेब. आमी कुनबी मानसं, आमचं लॉन खायाचं असतंय."

साहेब हसले. त्यांना काय कळलं, काय नाही, ते त्यांनाच माहीत. गाडीत बसायच्या आधी ते पुन्हा एकदा उंबराकडे वळून बघत सदफला एवढंच म्हणाले, "अजून दहा-बारा दिवस पाणी चालू ठेवायला सांगा हं. वाहनं सोडू नका." गाडी नाक्याकडे वळली आणि वाडी अशी हसली, अशी हसली की गुरं बुजली. ऊन उतरलं तसं सगळं रोप परत होतं तसं अंथरलं. दोन-तीन जागी फाटलं होतं, तिथं येसूबाईनं चिखल लावून सांधलं. पुढचे दोन दिवस ते मलूल राहिलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहिलं.

पाऊस वेळेवर आला आणि लागून राहिला. राबात पेरलेलं वाडीचं रोप अजून बोटभरच होतं, आणि सोनुबाईचं रस्त्यावरचं रोप आवणीला तयार झालं. तेव्हा यंदा पहिली आवणी कुणाची याचा प्रश्नच उरला नाही. इतकी वर्षं तो मान येसूबाईच्या शेताचा. ती सकाळीच इरलं घेऊन सोनुबाईच्या दारात उभी होती. तस्लीमनं टेंपो आणला. नव्या रस्त्यावरून पहिली गाडी गेली ती भाताच्या रोपानं भरलेली. पुढाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं बाकी होतं. ते पुढच्या महिन्यात झालंही, फीत कापली, हार घातले. गाडी आधीच जाऊन आली होती हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

दिवसभर कंबरा मोडेस्तोवर आवणी झाली. समीक्षा चिखलात दोनदा बसली, तिसऱ्यांदा नंदाला घेऊन बसली. शेवटची मूठ लागली तेव्हा सोनुबाईनं बांधावर उभं राहून शेताकडे डोळे भरून बघितलं. सगळं शेत भरलं होतं आणि एकही मूठ मागून आणलेली नव्हती. तिला रडू आलं. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही.

ओहोळावर हातपाय धुऊन बायका रस्त्याला लागल्या. एकेक जण आपापल्या दाराशी वळत गेली. येसूबाईचं घर मागं राहिलं, तरी ती चालतच राहिली. दाराशी आल्यावर सवयीनं सोनुबाईनं पायरीवरची बादली ओढली, तांब्या भरला आणि पाय धुवायला वाकली. पाय स्वच्छ होते. ओहोळावर धुतलेले, तसेच्या तसे. आवणीच्या दिवसांत जन्मात असं झालं नव्हतं. तांब्या हातात धरून ती आपल्याच पायांकडे बघत राहिली.

मागे येसूबाई पायरीखाली उभी होती. इरल्यावरून पाणी गळत होतं. तिनं आपली पावलं जराशी पुढे केली, लहान पोर दाखवतं तशी.

"माजं पन सोच्छ हायत," ती म्हणाली. "येऊ का आत?"

सोनुबाईनं तांब्या खाली ठेवला आणि दारातून बाजूला सरली.

"समीक्षा," तिनं आत हाक मारली, "च्या ठेव गं. थोरल्या आई आल्यात."